हसू कुणाला आणि हळहळ कशासाठी: स्त्री-प्रश्नांवरचं नाटक बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या मुली आणि वस्तीतल्या काही बायका मिळून कौटुंबिक हिंसा आणि बालविवाह या विषयांवर अर्ध्या तासाचं नाटक बसवताय. विनोद घातला की प्रेक्षक खिदळतात आणि विषय हरवतो. गंभीर केलं की माणसं उठून जायला लागतात. मग विनोद किती ठेवायचा, भावना किती, आणि आधी काय यावं?

प्रमाणाचा हिशेब सध्या बाजूला ठेवा. मी बरीच वर्षं पथनाट्यं आणि छोटी नाटकं बसवतो आहे, आणि माझं मत असं आहे की ही नाटकं प्रमाण चुकल्यामुळे सहसा पडत नाहीत. प्रेक्षकानं हसायचं कुणाला आणि जीव गुंतवायचा कशात, हे बसवणाऱ्यांनीच ठरवलेलं नसतं. मी तालमीच्या पहिल्या दिवशी सांगतो ते असं: हसायचं ते सबबींना, आणि जीव गुंतवायचा तो बाईच्या इच्छेत. मार, रडणं, अपमान यांत प्रेक्षकाला गुंतवायला गेलात तर तो कीव करतो, मोकळा होतो आणि घरी जातो.

सबबी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तुमच्या नाटकाचा सगळा विनोद तिथून निघणार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) लोकांना सात परिस्थिती सांगून विचारलं होतं, अशा वेळी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का? न सांगता बाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणं, वाद घालणं, शरीरसंबंधाला नकार देणं, स्वयंपाक नीट न करणं, नवऱ्याला तिचा संशय येणं आणि सासरच्यांचा मान न राखणं. यातल्या किमान एका कारणासाठी मारणं योग्य आहे असं ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. हा आकडा मंचावरून वाचून दाखवू नका, त्यानं कुणी हलत नाही. पण ही सात कारणं एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि गटात मोठ्यानं वाचा. एक मुलगी हसेल, मग दुसरी. ही यादी हास्यास्पद आहे आणि ती आपल्या घरातली आहे, हे दोन्ही एकदम लक्षात येतं. तुमचा पहिला प्रवेश तिथेच तयार आहे.

आमच्या गटानं यावरून एक प्रवेश बांधला. एक सरकारी खिडकी, आत कारकून. नवरे रांगेत उभे आहेत, प्रत्येकाला बायकोला मारायची परवानगी हवी आहे. कारकून विचारतो, "कारण?" पहिला म्हणतो, "भाजीत मीठ कमी." "कमी की अजिबात नाही? कमी असेल तर फॉर्म वेगळा." दुसरा म्हणतो, "आईला उलट बोलली." "आई हयात आहे का? पुरावा जोडा." तिसऱ्याला कारणच आठवत नाही, मागचा माणूस त्याला आपलं कारण उसनं देतो. प्रेक्षक हसत राहतात, कारण कारकून अगदी गंभीरपणे, नियमानुसार काम करतोय. मग रांगेत एक बाई येऊन उभी राहते. "मलाही अर्ज द्यायचाय. नवरा न सांगता बाहेर गेला, रात्री दोनला आला, पोरांकडे बघत नाही, माझ्या आईला वाट्टेल ते बोलतो." कारकून तोच फॉर्म उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "ही खिडकी नाही." "मग कुठली?" तो शेजारच्याला विचारतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. कुणालाच माहीत नसतं. ती पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो.

या प्रवेशात कुणी मार खात नाही, कुणी रडत नाही. तरी शेवटच्या प्रश्नाला मैदानातलं हसू थांबतं. ते थांबवायला वेगळी करुण धून लावावी लागत नाही. ज्या तर्कावर लोक हसत होते, तोच तर्क बाईच्या हातात गेला की त्याचं खरं रूप दिसतं. विनोद आणि भावना एकाच प्रसंगातून कशा निघतात, याचं हे मला सापडलेलं सगळ्यात भरवशाचं सूत्र आहे.

आणि हे सूत्र काही आम्ही शोधलेलं नाही. भोंडल्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला, तर म्हणते, त्याला फूल येऊ दे. फूल आलं, तर कारलं लागू दे. मग भाजी कर, मग ती खा, मग आणखी काही. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या फेर धरून, हसत हे गाणं म्हटलं आहे. त्यात सासूची सबब दर कडव्याला बदलते, सुनेची मागणी मात्र एकच राहते. विनोद सबबीच्या बदलण्यात आहे आणि कळ मागणीच्या न बदलण्यात आहे. पथनाट्य लिहिणाऱ्यानं आधी ही रचना पाठ करावी. नाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करून सासरच्या एकेकाचा बंदोबस्त करायला सांगते. त्याचा अर्थ पारमार्थिक आहे हे खरं, पण ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर उमटणारं हसू अगदी संसारातलं असतं. आपल्या भाषेत बाईचा राग आणि तिची थट्टा इतक्या जवळ राहत आल्या आहेत की तुम्हाला नवीन काही आयात करावं लागत नाही.

रंगमंचावरही याला मोठी परंपरा आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. विषय जरठ-कुमारी विवाहाचा, म्हणजे म्हातारा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा. देवलांनी नाटकातला विनोद कुठे ठेवला ते बघा. बोहल्यावर चढायला उतावीळ झालेल्या म्हाताऱ्यावर, लग्न जुळवून देणाऱ्या भद्रेश्वर दीक्षितावर, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेल्या कांचनभटावर. पाऊणशे वयमानाच्या नवरदेवाची टर उडवणारं पद लोकांच्या तोंडी बसलं. शारदेवर मात्र एकही विनोद नाही. तिची भीती नाटकानं पूर्ण गांभीर्यानं घेतली आहे. त्यामुळे हसणारा प्रेक्षक आपोआप तिच्या बाजूला येऊन बसतो.

नाटकामुळे कायदा झाला असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांनी मांडलेल्या विधेयकातून आला, आणि त्यामागे देशभरातल्या सुधारकांचे आणि स्त्री-संघटनांचे प्रयत्न होते. नाटक जे करू शकतं ते वेगळं आहे. काल प्रतिष्ठेची वाटणारी गोष्ट ते हसण्याजोगी करून ठेवतं. म्हातारपणी लहान मुलीशी लग्न करणाऱ्याला लोक तोंडावर काही बोलणार नाहीत कदाचित, पण पाठीमागे पद गुणगुणतील. मी ही कमाई मोठी मानतो. बालविवाहाचा विषय मात्र अजून जुना झालेला नाही. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं.

आता तुमच्या नाटकात काय ठेवू नका, ते स्पष्टच सांगतो.

पहिली गोष्ट, दारुड्या नवरा. जनजागृतीच्या निम्म्याहून जास्त पथनाट्यांत तो असतो, कारण हमखास हशा मिळतो. झोकांड्या खातो, खांबाला बायको समजून बोलतो, चप्पल उलटी घालतो. पाच मिनिटांत तो प्रेक्षकांचा लाडका होतो. मग तो बायकोवर हात उचलतो तेव्हाही लोक हसतात, आणि दोष त्यांचा नसतो. तुम्हीच त्याला गोड करून ठेवलंय. शिवाय सगळं खापर दारूवर फुटतं. शुद्धीत, इस्त्रीचे कपडे घालून, शांत आवाजात बायकोचा पगार काढून घेणारा माणूस प्रेक्षकांतच बसलेला असतो, आणि तो सुटतो. दारू दाखवायचीच असेल तर दारुड्याला हशा देऊ नका. हशा त्याला पाठीशी घालणाऱ्यांना द्या: "तसा स्वभावानं चांगला आहे हो," म्हणणारा शेजारी, "पुरुषाच्या जातीला थोडं चालायचंच," म्हणणारी आत्या.

दुसरी गोष्ट, ओढणी किंवा साडी गुंडाळलेला मुलगा. कॉलेजच्या नाटकात मुली कमी पडल्या की हा मार्ग निघतो, आणि तो लचकत आला की टाळ्या-शिट्ट्या पडतात. त्या क्षणी प्रेक्षक बाईपणालाच हसत असतो. पुरुषानं स्त्रीभूमिका करण्याला माझा विरोध नाही, बालगंधर्वांच्या भाषेत वाढलेला माणूस तसं म्हणूच शकत नाही. पण त्या भूमिकेत आदर आणि साधना लागते, तीन दिवसांच्या तालमीत ती येत नाही. याच्या उलट करून बघा. स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' आणलं, त्यात बायकांनीच पुरुषही उभे केले. बाई खांद्यावर पंचा टाकून, पाय फाकवून खुर्चीत बसते आणि "पाणी आण" म्हणते, तेव्हा रोज दिसणारं बसणं-बोलणं एकदम नव्यानं दिसतं. समोरच्या बायका पोट धरून हसतात, कारण त्यांनी ते बसणं जन्मभर पाहिलेलं असतं. पुरुषही हसतात, जरा उशिरानं, आणि काही जण पाय जवळ घेतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट, खाष्ट सासू. तिला काढू नका, पण तिला एकटीला खलनायिका करू नका. कारल्याच्या वेलातली सासूसुद्धा कधीतरी माहेरी जायची वाट बघत बसलेली सून होती. एवढं एक वाक्य तिच्या तोंडी द्या, विनोदाच्या ओघातच. "मला कुठे सोडलं होतं? मी लावलेला वेल अजून आहे परसात." हशा येईल, आणि प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या बायका तुमच्या नाटकाच्या विरोधात जाणार नाहीत.

हसू अत्याचार करणाऱ्यांच्याही कामाला येतं, हे विसरू नका. विजय तेंडुलकरांचं १९६७ सालचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' यासाठी अभ्यासा. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, आरोपी केलं जातं बेणारे बाईंना. सुरुवातीला सगळं गमतीत चाललंय, प्रेक्षकही त्या गमतीत सामील आहे. हळूहळू खेळातले प्रश्न तिच्या खऱ्या आयुष्याला भिडायला लागतात आणि मंडळींची थट्टा शिकारीसारखी होते. कुठल्या क्षणी आपण हसायचं थांबायला हवं होतं, ते प्रेक्षकाला नेमकं सांगता येत नाही. तुमच्या अर्ध्या तासात एवढी गुंतागुंत मावणार नाही, पण लग्नाच्या बैठकीत मुलीच्या रंगावरून, उंचीवरून चाललेले पाहुण्यांचे विनोद असेच हळूहळू घट्ट करत नेता येतात. पहिले दोन विनोद खरंच मजेदार असू द्या. प्रेक्षकानं मनापासून हसायला हवं, तरच पुढे त्याला ते हसू टोचेल.

आता भावनेकडे. इथे तरुण गट सगळ्यात जास्त घाई करतात. पार्श्वसंगीत, किंकाळी, जमिनीवर पडलेली मुलगी, वर बघून केलेला आकांत. माझं ठाम मत आहे की मारहाण मंचावर दाखवू नये, निदान रस्त्यावरच्या प्रयोगात तरी. गर्दीत कुणी तरी शिट्टी मारतो, लहान मुलं घाबरतात, आणि जिच्यावर हे काल रात्री गुजरलंय ती बाई मान खाली घालून निघून जाते. जिच्यासाठी नाटक केलं, तिलाच घालवून द्यायचं?

त्याऐवजी बाईला काय हवंय ते शोधा. छोटं, हातात धरता येईल असं. सावित्रीबाई फुले पुण्यात शाळेत शिकवायला जायच्या तेव्हा लोक शेण-चिखल फेकायचे, ही आठवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यातला शेणाचा भाग दाखवला तर प्रेक्षक हळहळतो. पण त्या सोबत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या, हा भाग दाखवा. सकाळी घरातून निघताना ती बाई शांतपणे लुगड्याची घडी करून पिशवीत ठेवते. फेकणारे असणार हे तिला माहीत आहे आणि शिकवायचं हेही तिनं ठरवलंय. ही घडी घालताना मी प्रेक्षकांचे डोळे भरलेले पाहिलेत, आणि त्या डोळ्यांत कीव नव्हती.

तुमच्या बालविवाहाच्या प्रवेशात हे असं आणता येईल. घरात लग्नाची धांदल आहे. मामा, काका, भटजी, मंडपवाला, आचारी, सगळे तारखेवर भांडताहेत. मुहूर्त बारा तारखेचा, हॉल मिळतो चौदाला, आचारी फक्त तेराला मोकळा. हा गोंधळ भरपूर विनोदी करा, वेगानं, एकमेकांचं बोलणं तोडत. मधेमधे मुलगी विचारते, "बारा तारखेला नको ना?" तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पुन्हा विचारते. शेवटी काका खेकसतो, "का, बाराला काय आहे?" ती म्हणते, "विज्ञानाचा पेपर." एवढंच. ती लग्नाला नाही म्हणत नाही, रडत नाही, भाषण करत नाही. तिला पेपर द्यायचाय. पुढच्या संवादाआधी तीन-चार सेकंद सगळ्यांनी जागच्या जागी थांबा. नवख्या नटांना ही शांतता सहन होत नाही, ते पुढचं वाक्य टाकून मोकळे होतात. तालमीत मुद्दाम मोजून थांबायला शिकवा.

सोंगाड्याचा उपयोग करा, असा माझा आग्रह आहे. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्याला कुणालाही काहीही विचारायची मुभा असते, आणि लोक ते मानून घेतात. तुमच्या नाटकात प्रेक्षकांच्या मनातल्या शंका त्याच्या तोंडी घाला. "एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात." "तिनंच काही तरी केलं असेल." "घरातलं भांडण रस्त्यावर कशाला?" हे प्रश्न तुम्ही विचारले नाहीत तर लोक मनात विचारतात आणि उत्तर मिळालं नाही म्हणून नाटक नाकारतात. सोंगाड्यानं विचारले की हशा येतो, आणि उत्तर द्यायला जागा मिळते. हे काम चुणचुणीत मुलीला द्या. पोरगी सोंगाड्या झाली की अर्धी लढाई तिथेच जिंकता.

नाटकाचा शेवट उपदेशावर करू नका. ब्राझीलचे रंगकर्मी आगुस्तो बोआल यांनी रूढ केलेली एक पद्धत अशा गटांना फार उपयोगी पडते. प्रसंग वाईट वळणावर थांबवायचा आणि प्रेक्षकांना विचारायचं, इथे कोण वेगळं वागू शकलं असतं? ज्याला सुचेल त्यानं मंचावर येऊन ते करून दाखवायचं. इथे एक पथ्य आहे. बाईच्या जागी कुणी येऊन "मी उलट थोबाडीत दिली असती" म्हणेल आणि टाळ्या घेईल. सूत्रधारानं टाळ्या पडू द्याव्यात आणि मग विचारावं, "बरं, रात्री झोपणार कुठे?" त्यानंतर शेजाऱ्याच्या, दिराच्या, मामाच्या जागी यायला लोकांना बोलवा. मदत न करणाऱ्यांना बदलून बघणं जास्त खरं असतं आणि त्यात विनोदही भरपूर निघतो. दार वाजवायचं पण भांडण ओढवून घ्यायचं नाही, म्हणून शेजारी वाटीभर साखर मागायला जातो, अशी युक्ती प्रेक्षकच सुचवतात. हिंसा मधेच तोडायला ही युक्ती खरोखर कामाची आहे.

संहिता पक्की होण्याआधी ती वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवा, फक्त बायकांना. त्या कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात, ते समासात लिहून ठेवा. मुली हसल्या आणि थोरल्या बायका गप्प राहिल्या, अशी जागा पुन्हा तपासा. कुणी आपली हकिकत सांगितली तर तिच्या परवानगीशिवाय वापरू नका, आणि परवानगी दिली तरी गाव, व्यवसाय, मुलांची संख्या, ओळख पटेल असं सगळं बदला. भूमिका करणाऱ्या मुलींपैकी कुणाच्या घरी हेच चाललेलं असू शकतं. तालमीनंतर थोडा वेळ नुसतं बसायला ठेवा.

आणि माहितीचा भाग. नाटक पाहून एखादी बाई मदत मागायचं ठरवेल, तर तिला कुठे जायचं ते कळलं पाहिजे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीला ११२, मुलांसाठी आणि बालविवाह थांबवायला १०९८. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि त्या बाईला राहतं घर न सोडता संरक्षणाचा आदेश मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. ही शेवटची गोष्ट फार कमी जणींना माहीत असते, ती नक्की सांगा.

पण हे सगळं शेवटी माइकवरून वाचू नका, तोवर लोक उठलेले असतात. पत्रकही सगळ्यांदेखत वाटू नका. नवरा शेजारी उभा असताना कोण घेईल? आम्ही नंबर गाण्याच्या ध्रुपदात बसवतो. एक-आठ-एक ठेक्यात सहज बसतं, टाळीवर म्हणता येतं. नाटकभर ते चार-पाच वेळा येऊ द्या, सुरुवातीला विनोदी प्रसंगात, जणू निरर्थक बोल असल्यासारखं, म्हणजे मुलंही उचलतात. खिडकीवरच्या बाईला "मग कुठली खिडकी?" याचं उत्तर मिळतं तेव्हा ते सगळ्या गटानं म्हणायचं. कागदावर लिहिलेला नंबर सापडू शकतो, फोनमध्ये साठवलेला दिसू शकतो. पोरं गल्लीत गाणं म्हणत फिरली तर कुणाला संशय येत नाही.